‘बंद पडलं तर?’ या प्रश्नातलं करिअर

जुलै सरत आला की सांगलीत दोन माणसं भेटल्यावर खुशाली नंतर विचारतात, आधी विचारतात, "आयर्विनला पाणी किती?" आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा पूल, आणि उत्तर फुटांत येतं. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, हे इथं शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. २००५ च्या महापुरात हा आकडा ५४ च्या जवळ गेला होता. पुढची १४ वर्षं पुष्कळ घरांनी आणि दुकानांनी तीच रेघ धरून सामान माळ्यावर चढवलं, इन्व्हर्टर वर घेतले, ‘एवढं आलं तरी आपण सुटलो’ असा हिशेब मांडला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं.

हा हिशेब नेमका कुठं चुकला, हे ज्या मुलामुलींना मनापासून शोधावंसं वाटतं त्यांच्यासाठी हा लेख आहे. त्यांच्या आईवडिलांसाठी तर आहेच. संगणकाच्या जगात याच प्रश्नावर पोट भरता येतं, चांगलं भरता येतं, आणि आपल्या सातारा-सांगलीकडे या वाटेबद्दल मुलांना फारसं कुणी सांगत नाही.

निकाल लागले की माझ्याकडे पालक येतात. पूर्वी विचारायचे, "मॅडम, कॉम्प्युटरला मिळेल का?" आता विट्याहून, कोरेगावहून आलेले वडील खुर्चीच्या कडेवर बसून विचारतात, "कॉम्प्युटरला घालू का नको? एआय आलंय म्हणतात. आमच्या गावातली दोन पोरं पुण्याहून परत आली." ही काळजी खोटी नाही. सांगितलेला कोड टाइप करून देणं एवढंच ज्या नोकरीत होतं, ती नोकरी आकसते आहे, आणि ते पालकांपासून लपवण्यात अर्थ नाही. पण संगणकाचं क्षेत्र म्हणजे तेवढंच काम नव्हे. लिहिलेला कोड हजार यंत्रांवर चालायला लागला की तो किती वेगानं चालतो, कधी अडतो, कधी चुकीचं उत्तर देतो आणि पडला तर किती वेळात उठतो, हे मोजणारी माणसं लागतात. मी स्वतः काही वर्षं पुण्यात हे काम केलं आहे, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

साताऱ्यात राजवाड्याच्या चौपाटीवर तुम्ही भेळ खाता आणि ४० रुपये फोनवरून देता. दोन-तीन सेकंदांची गोष्ट. तेवढ्यात तुमचं ॲप, तुमची बँक, भेळवाल्याची बँक आणि या सगळ्यांच्या मध्ये यूपीआय चालवणारी एनपीसीआय ही संस्था, इतक्या ठिकाणची यंत्रं एकमेकांशी बोलून घेतात. ती वेगवेगळ्या शहरांत असतात आणि त्यांचे मालकही वेगळे असतात. एकमेकांपासून लांब असलेल्या, नेटवर्कनं जोडलेल्या आणि मिळून एकच काम करणाऱ्या अशा यंत्रांच्या समूहाला डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम म्हणतात. यूपीआय २०१६ मध्ये सुरू झालं आणि ऑगस्ट २०२३ मध्ये त्यावरचे व्यवहार एका महिन्यात १,००० कोटींच्या वर गेले.

आता समजा, फोनवरचं चक्र फिरतच राहिलं आणि शेवटी ‘पेंडिंग’ आलं. पैसे गेले की नाही? एका यंत्रानं पुढच्याला निरोप धाडला आणि उत्तर आलं नाही. निरोप पोचलाच नसेल. किंवा पोचला असेल, कामही झालं असेल, पण परतीचा निरोप वाटेत हरवला असेल. किंवा समोरचं यंत्र नुसतं सावकाश चालत असेल आणि उत्तर निघालेलं असेल. बाहेरून या तिन्ही गोष्टी अगदी सारख्या दिसतात. पुन्हा निरोप धाडावा, तर पहिला पोचलेला असल्यास भेळेला ८० रुपये पडतील. न धाडावा, तर भेळवाला उपाशी. आपल्या घरचा एकुलता संगणक चालू असतो किंवा बंद असतो. लांबच्या यंत्रांच्या बाबतीत ‘ठाऊक नाही’ ही तिसरी अवस्था येते, आणि सगळा विषय या तिसऱ्या अवस्थेभोवती फिरतो. दूरदूरच्या यंत्रांमध्ये आधी काय घडलं आणि नंतर काय, हे घड्याळावर न विसंबता कसं ठरवावं, यावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्ये एक निबंध लिहिला. या क्षेत्रात शिरणारा प्रत्येक जण आजही तो वाचतो. २०१३ चं ट्युरिंग पारितोषिक त्यांना मिळालं.

मोजणाऱ्या माणसाला दोन गोष्टी मोजायच्या असतात: वेग आणि भरवसा.

वेगाचं गणित साखर कारखान्याच्या काट्यावर जितकं स्वच्छ दिसतं, तितकं कुठल्याही लॅबमध्ये दिसत नाही. हंगामात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या वजनकाट्यासमोर नंबर लावून उभ्या असतात. समजा, एका गाडीच्या वजनाला सरासरी ४ मिनिटं लागतात, म्हणजे काटा तासाला १५ गाड्या उरकू शकतो. गाड्या काही घड्याळ लावून येत नाहीत. कधी चार एकदम येतात, कधी दहा मिनिटं एकही नाही. रांगेच्या गणिताचं सगळ्यांत सोपं सूत्र लावलं, तर काटा निम्मा वेळ गुंतलेला असताना एका गाडीची रांगेसकट ८ मिनिटं जातात. काटा ९० टक्के वेळ गुंतला की ४० मिनिटं. ९५ टक्के गुंतला की ८० मिनिटं. काट्याचा वेग तसूभरही बदललेला नाही. ९० वरून ९५ टक्क्यांवर जायला तासाला जेमतेम पाऊण गाडी जास्त यावी लागते, आणि तेवढ्यानं खोळंबा दुप्पट होतो.

सकाळी दहाला तत्काळ तिकिटं उघडतात किंवा निकालाच्या दिवशी सगळा महाराष्ट्र एकाच वेळी साइट उघडतो, तेव्हा सर्व्हरच्या दारात हीच रांग लागते. ‘काल तर व्यवस्थित चालत होतं’ या वाक्याचा उलगडा त्या पाऊण गाडीत आहे. हे गणित नवं नाही. कोपनहेगनच्या टेलिफोन एक्स्चेंजसाठी एर्लांग या डॅनिश गणितज्ञानं ते मांडायला सुरुवात केली, त्याचा पहिला निबंध १९०९ चा. कॉल्स होते, त्यांच्या जागी आता क्लिक आले.

वेग मोजताना नवशिका हमखास सरासरीच्या नादाला लागतो. दहा ग्राहकांनी बटण दाबलं. नऊ जणांना ४० मिलिसेकंदांत उत्तर मिळालं, दहाव्याला ४,००० मिलिसेकंद लागले. सरासरी निघते ४३६. हा ४३६ चा अनुभव दहापैकी एकालाही आलेला नाही. म्हणून या धंद्यातली माणसं सरासरी विचारत नाहीत, ‘नव्व्याण्णवावा पर्सेंटाइल किती?’ असं विचारतात, म्हणजे शंभरातल्या सगळ्यांत दुर्दैवी ग्राहकाची गत काय झाली. सीईटी दिलेल्या मुलांना पर्सेंटाइल समजावून सांगावा लागत नाही, इथं तो उलट्या बाजूनं वाचायचा, इतकंच. त्या एका दुर्दैवी ग्राहकाकडे बघायचं कारणही आकड्यांतच आहे. एक पान उघडायला मागे १०० सर्व्हरना विचारावं लागत असेल आणि प्रत्येक सर्व्हर शंभरात एकदाच रेंगाळत असेल, तरी १०० पैकी ६३ वेळा पान रेंगाळतं, कारण शंभरांपैकी एकजण तरी अडतोच. गूगलचे जेफ डीन आणि लुइझ बारोसो यांनी २०१३ मध्ये लिहिलेल्या निबंधातला हा हिशेब बारावीची मुलं वहीच्या कोपऱ्यात करू शकतात: ०.९९ चा शंभरावा घात काढायचा आणि तो एकातून वजा करायचा.

माझ्या हातून झालेली एक चूक इथं सांगते, कारण ती पुस्तकात वाचून कळत नाही. एका मोठ्या प्रणालीची आम्ही लोड टेस्ट घेतली. हजारो बनावट ग्राहक सोडले आणि उत्तरं इतकी झपाट्यानं आली की सगळे खूश झाले. खरे ग्राहक आले त्या दिवशी प्रणाली अर्ध्या तासात गुडघ्यावर आली. दोन दिवस शोधल्यावर कळलं, की आमचे हजारो बनावट ग्राहक एकच खाते क्रमांक विचारत होते. पहिल्या वेळी उत्तर डेटाबेसमधून आलं आणि नंतर प्रत्येक वेळी जवळच्या साठवणीतूनच, म्हणजे कॅशमधूनच. एकच पाढा शंभरदा विचारून मुलाला गणित येतं असं ठरवावं, तसं झालं होतं. तेव्हापासून कुणाचाही चाचणीचा निकाल हातात आला की मी आकडे नंतर बघते, आधी ‘काय विचारलं होतं?’ हे बघते.

आता भरवसा. महाराष्ट्र बोर्डाच्या बारावीच्या गणितात संभाव्यता वितरण आणि द्विपद वितरण हे धडे दुसऱ्या भागाच्या शेवटी येतात आणि घाईत उरकले जातात. माझं पालकांना कळकळीचं सांगणं आहे, की हे धडे मुलांना सोडू देऊ नका. एक यंत्र १०० पैकी ९९ तास चालू असतं असं धरा. ऐकायला झकास वाटतं, पण वर्षाला ते सुमारे ८८ तास बंद राहतं. आता काम पुरं व्हायला अशी तीन यंत्रं साखळीत लागत असतील आणि तिन्ही चालू असावी लागत असतील, तर बंद काळ वर्षाला २६० तासांवर जातो. त्याच तीन यंत्रांची मांडणी बदलली आणि तिनातली कुठलीही दोन चालू असली तरी काम भागेल असं केलं, तर बंद काळ उरतो वर्षाला अडीच तासांच्या थोडा वर. यंत्रं तीच, किंमतही तीच. २६० आणि अडीच यांतला फरक निव्वळ मांडणीचा आहे आणि तो द्विपद वितरणाच्या एका ओळीत निघतो. कोयना वीजप्रकल्पाच्या चौथ्या टप्प्यात १,००० मेगावॉटचं एकच यंत्र बसवलेलं नाही, २५० मेगावॉटची चार आहेत. एक दुरुस्तीला काढलं तरी बाकीची तीन फिरतात.

इथपर्यंत सगळं परीक्षेत येण्यासारखं आहे. खरं शिक्षण पुढे सुरू होतं. या गणितात आपण गुपचूप एक गोष्ट मान्य केली आहे: एक यंत्र बंद पडण्याचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. हे खरं असतं का?

२४ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईत राष्ट्रीय शेअर बाजाराचे, म्हणजे एनएसईचे व्यवहार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबले आणि दुपारी पावणेचारला पुन्हा सुरू झाले. त्या दिवशी बाजार संध्याकाळी पाचपर्यंत चालवावा लागला. एनएसईकडे दोन वेगळ्या टेलिकॉम कंपन्यांच्या लाइन होत्या, एक गेली तर दुसरी चालावी म्हणूनच. त्या दिवशी दोन्ही कंपन्यांच्या लाइनमध्ये बिघाड झाला आणि त्यापाठोपाठ आतली डेटा साठवण्याची यंत्रणा हाती लागेना. चेन्नईला पर्यायी केंद्र होतं, पण कारभार तिकडे हलवला गेला नाही. पुढच्याच महिन्यात बाजाराची नियामक संस्था सेबीनं नियम कडक केले: महत्त्वाची यंत्रणा अडली तर ३० मिनिटांत आपत्ती जाहीर करायची आणि त्यानंतर ४५ मिनिटांत पर्यायी केंद्रावरून काम सुरू करायचं.

दोन्ही लाइन स्वतंत्रपणे शंभरात एकदा जाणाऱ्या असत्या, तर एकदम जाण्याची शक्यता कागदावर दहा हजारांत एक निघते. पण रस्ता एकदा खणला की दोन्ही कंपन्यांच्या केबल एकाच चरात सापडू शकतात. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम सुमारे सहा तास बंद होतं, तेव्हाही दुरुस्तीला लागणारी कंपनीची आतली साधनं त्याच कोसळलेल्या नेटवर्कवर अवलंबून निघाली.

हे सांगलीकराला कळायला वेळ लागत नाही. वीज गेली तर इन्व्हर्टर, इन्व्हर्टर संपला तर जनरेटर, असा तिहेरी बंदोबस्त केला आणि तिन्ही गोष्टी तळमजल्यावर ठेवल्या, तर पुराच्या दृष्टीनं त्या तीन नाहीत, एकच आहे. सुरुवातीला म्हटलेला हिशेब इथंच चुकला होता. २००५ च्या त्या रेघेत दोन चुका एकदम होत्या. आजवर घडलेलं सगळ्यांत वाईट म्हणजेच जे घडू शकतं ते सगळ्यांत वाईट, असं धरलं गेलं. आणि वेगळी वेगळी मोजलेली संकटं एकाच कारणानं एकाच रात्री येतील, हे धरलं गेलं नाही. बंगळुरूच्या एखाद्या कंपनीत वरिष्ठ अभियंता नव्या माणसाला वर्षभर जे शिकवतो, त्यातलं निम्मं आपल्या मुलांनी कृष्णाकाठी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. ते विषयाशी कसं जोडायचं, एवढंच कुणी दाखवत नाही.

कृष्णा आणि भीमा खोऱ्यांत पाऊस आणि पाण्याची पातळी आपोआप मोजून पाठवणारी केंद्रं जलसंपदा विभागानं उभारली आहेत. ती जाळी म्हणजे आपल्या दारातली डिस्ट्रिब्युटेड सिस्टिमच. ज्या रात्री घाटमाथ्यावर पाऊस सर्वांत जास्त, त्याच रात्री तिथली वीज आणि मोबाइलची रेंज जाण्याचा धोका सर्वांत जास्त, म्हणजे माहितीची गरज आणि माहिती तुटण्याची शक्यता हातात हात घालून येतात. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला दरसाल त्याच त्या हजेरीच्या ॲपचं प्रोजेक्ट करणाऱ्या मुलांनी असा एखादा प्रश्न घ्यावा असं मला फार वाटतं.

या विषयात आपली माणसं नाहीत असंही नाही. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं आणि १९९१ मध्ये विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली परम ८००० तयार झाला. तो एक अजस्र संगणक नव्हता, अनेक लहान प्रोसेसर जोडून केलेला समूह होता. पवईच्या आयआयटीत संगणक विभागात प्रा. वर्षा आपटे यांचं संशोधन सर्व्हर आणि डिस्ट्रिब्युटेड सिस्टिमची कार्यक्षमता मोजण्याबद्दलच आहे. त्याच आयआयटीतून १९६८ मध्ये बाहेर पडलेले किशोर त्रिवेदी पुढे अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि संभाव्यता, विश्वासार्हता आणि रांगांचं गणित संगणकाला लावून दाखवणारं त्यांचं पुस्तक १९८२ पासून जगभर शिकवलं जातं. पुण्यात थॉटवर्क्समध्ये काम करणाऱ्या उन्मेष जोशी यांचं ‘पॅटर्न्स ऑफ डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्स’ हे पुस्तक २०२३ मध्ये आलं. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलाला ते पेलतं. आणि त्यानं ते हातात धरावंच.

पालकांच्या प्रश्नांकडे येते. एआयचा आधी घेते, कारण झोप त्यानं उडवली आहे. एआय जिथं घडवला जातो, तीच एक प्रचंड डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम असते. मेटा कंपनीनं २०२४ मध्ये लामा ३ चं सगळ्यांत मोठं मॉडेल १६,३८४ जीपीयू प्रोसेसरवर शिकवलं. त्या कामातल्या ५४ दिवसांत अनपेक्षित अडथळे आले ४१९, म्हणजे दर तीन तासांनी एक. तरीही नव्वद टक्क्यांहून जास्त वेळ कारणी लागला, कारण काय पडणार आणि पडल्यावर कुठून उठायचं याचा बंदोबस्त कुणीतरी आधी करून ठेवला होता. ते ‘कुणीतरी’ म्हणजे हे करिअर. कंपन्यांत याला परफॉर्मन्स इंजिनिअर म्हणतात, साइट रिलायबिलिटी इंजिनिअर म्हणतात, कुठं नुसतं प्लॅटफॉर्म टीम म्हणतात. बँका, शेअर बाजार, पेमेंट कंपन्या, क्लाउडवाले, मोठ्या उत्पादन कंपन्या, सगळीकडे ही माणसं लागतात. कोड लिहिणाऱ्यांपेक्षा ती संख्येनं कमी असतात, हेही खरं. बाजारात जाऊन गठ्ठ्यानं मिळणारी ही नोकरी नाही.

दुसरी बाजूही ऐकून घ्या. या कामात पाळी असते. रात्री तीनला फोन वाजतो आणि उठून बसावं लागतं. ज्या घरात ‘मुलगी रात्रीची काम करणार?’ हा प्रश्न आहे, त्यांनी तो आत्ताच बोलून घ्यावा. काम बहुतेक वेळा घरी बसून लॅपटॉपवरच असतं, पण झोपमोड खरी असते. आणि ज्या मुलाला दोष अंगावर आला की लपवायची सवय आहे, त्यानं इकडे येऊ नये. इथं प्रत्येक मोठ्या बिघाडानंतर काय झालं, कधी झालं, माझं काय चुकलं, हे मिनिटामिनिटानं लिहून सगळ्यांपुढे ठेवावं लागतं.

"कॉम्प्युटर ब्रँच नाही मिळाली तर?" आयटी चालेल, इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन चालेल, इलेक्ट्रिकलच्या मुलाला तर ग्रिडमुळे विश्वासार्हतेचं गणित आधीच ओळखीचं असतं. कॉलेजाबद्दल माझं मत ठाम आहे. सांगलीचं वालचंद १९४७ पासूनचं, कराडचं शासकीय अभियांत्रिकी १९६० पासूनचं. इथं जागा मिळत असताना निव्वळ ‘पुणे’ या नावासाठी भरमसाट फी भरून नव्या कॉलेजात जाण्यात मला शहाणपण दिसत नाही. राजारामनगरच्या आरआयटीत कारखान्याची रांग तर शेजारीच बघायला मिळते. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील अभियांत्रिकी आहे. कराड किंवा मिरजेच्या शासकीय तंत्रनिकेतनातून डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला येणारी मुलं यंत्राला हात लावायला कचरत नाहीत. विलिंग्डनसारख्या ठिकाणी बीएस्सी करणाऱ्यानंही स्वतःला कमी समजू नये. पदवीनंतर सी-डॅकच्या सामाईक परीक्षेतून सहा-सहा महिन्यांचे पदविका अभ्यासक्रम करता येतात आणि त्यांत मोठ्या संगणक-समूहांच्या व्यवस्थापनाचाही एक आहे. गेटमधून एम.टेक. ही लांबची पण पक्की वाट.

‘तीन महिन्यांत क्लाउड, नोकरीची हमी’ असे फलक लावणाऱ्या क्लासला कर्ज काढून पैसे देऊ नका. त्यात जे शिकवतात ते वाईट असतंच असं नाही, पण ते फुकट मिळतं. एनपीटीईएलवर या विषयाचे अभ्यासक्रम आहेत, एमआयटीची डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्सची व्याख्यानं यूट्यूबवर आहेत, गूगलचं साइट रिलायबिलिटीवरचं २०१६ चं पुस्तक इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतं. इंग्रजी जड जातं म्हणून मुलं मागे फिरतात. रोज एक पान, शब्दकोश शेजारी ठेवून, एवढं केलं तरी वर्षात फरक पडतो. मी तसंच केलं.

आणि हात घालायला हवा. त्यासाठी हजार सर्व्हर लागत नाहीत. एका बऱ्यापैकी लॅपटॉपवर लिनक्स टाकून डॉकरनं तीन लहान यंत्रं उभी करता येतात, त्यांवर डेटाबेसच्या तीन प्रती ठेवता येतात, जेमीटरनं बनावट ग्राहक सोडता येतात आणि मग मुद्दाम एक यंत्र पाडता येतं. नेटफ्लिक्सनं याच विचारानं ‘केऑस मंकी’ नावाचा प्रोग्रॅम केला, जो कामाच्या वेळेत चालू यंत्रं स्वतःच बंद पाडतो, म्हणजे बिघाड आपल्या सोयीच्या वेळी भेटतो.

गेल्या वर्षी दुसऱ्या वर्षाची एक मुलगी वडिलांबरोबर आली होती. वडिलांचं मार्केट यार्डात हळदीचं अडत दुकान. पोरगी दिवसभर काय करते ते कळत नाही, ही त्यांची तक्रार. तिनं पिशवीतून एक लांबोडं रजिस्टर काढलं, दुकानातलंच, लाल कापडी पुठ्ठ्याचं. त्यात निळ्या शाईनं नोंदी होत्या. १०.४२.०० ला दुसरं यंत्र बंद केलं. १०.४२.०३ ला पहिली चूक दिसली. १०.४२.११ ला तिसऱ्यानं काम उचललं. १०.४२.३० ला वेग पूर्ववत. पाठवलेले बनावट पेमेंट ५,०००, झाले ५,००३. खाली तिनं दोन रेघा मारून लिहिलं होतं, ‘११ सेकंदांत सावरलं.’ तिला त्या ११ चा आनंद होता, आणि खरं म्हणजे तो आनंद रास्त होता.

वडिलांनी चष्मा लावला. खतावणीवरून फिरवतात तसं बोट त्यांनी त्या पानावरून वरून खाली फिरवलं आणि शेवटच्या आकड्यावर थांबवलं.

"ही वरची तीन पेमेंटं दोनदा पडली ना? मग ती कुणाच्या खात्यावरनं गेली?"

तिनं रजिस्टर स्वतःकडे ओढलं, पान उलटलं आणि माझ्याकडे पेन मागितलं.